एका टेबलाची वकिली

तालुक्याच्या कोर्टासमोर चहाची टपरी, झेरॉक्सचं दुकान आणि स्टॅम्प व्हेंडर यांच्या गर्दीत माझ्या एका मित्राची पाटी आहे. 'वकील' एवढंच, नावाखाली. "जरा मोठी लाव की," मी एकदा म्हटलं. तो म्हणाला, "बाबा रे, आम्हाला जाहिरात करता येत नाही. पाटीही बेताचीच हवी, असा बार कौन्सिलचा नियम आहे." आम्ही कवी संमेलनाच्या पत्रिकेत आपलं नाव ठळक छापलंय का ते आधी बघतो. वकिलानं मात्र वाट पाहायची.

बी.ए.ला आम्ही एका बाकावर होतो. मी कवितेकडे वळलो, तो एलएल.बी.कडे. दोघांच्याही घरी काळजी सारखीच! तेव्हा पदवीनंतर सनद मिळे. अखिल भारतीय बार परीक्षा २०१० नंतरची. पण सनद मिळाली म्हणजे अशील मिळालं असं नाही. पहिली काही वर्षं तो एका सीनियरकडे राहिला. सकाळी बोर्ड पाहायचा, पुकारा झाला की उभं राहून तारीख मागायची, डायरीत लिहायची. पगार नव्हता, साहेबांच्या मनात आलं तर हातावर काही पडे. मात्र अशिलाचं ऐकून घ्यायला तो तिथेच शिकला. अशील तासभर जे सांगतो त्यात केस नसते, ती त्याच्या कागदांच्या पिशवीच्या तळाशी असते.

मग स्वतःचं ऑफिस. एक टेबल, चार खुर्च्या. बांधाचे वाद, वारसा, पोटगी, न वटलेले चेक. ड्राफ्ट तोच करणार, कोर्ट फीचं तिकीट तोच लावणार, कपाट तोच झाडणार. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जिभेवर बसलेलं ४२० कलम ३१८ झालं. पन्नाशीनंतर तो पुन्हा विद्यार्थी झाला. टिपणं काढून द्यायला हाताखाली कोण आहे?

सगळ्यात अवघड हिशेब फीचा. निकालातला वाटा फी म्हणून घ्यायला मनाई आहे. एकरकमी घ्यावी, तर दावा वर्षानुवर्षं चालतो आणि पैसे केव्हाच आटतात. तारखेगणिक घ्यावी, तर त्याचं त्यालाच टोचतं. "कोर्ट लांबलं की माझं घर चालतं," तो एकदा म्हणाला, "हे अशिलाला कसं सांगू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मागच्या पावसाळ्यात मी त्याच्याकडे बसलो असताना एक जुनं अशील आलं. सात वर्षांचा दावा, दोन वर्षांची फी बाकी. "वकीलसाहेब, फाइल द्या. दुसरे वकील बघितलेत." मान खालीच. मी मित्राला खुणावलं, आधी पैसे माग. त्यानं उठून कपाटातून फाइल काढली, कागद मोजले, यादीवर सही घेतली, दोरी बांधून हातात दिली.

तो गेल्यावर मी चिडलो. तेव्हा कळलं, फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. "आणि निकाल नसता तर?" मी विचारलं.

"दिलीच असती. त्यात त्याच्या आईचा मूळ दस्त होता," असं म्हणून त्यानं उद्याच्या तारखा काढायला डायरी उघडली.