पाणी कोठे घालावे, कोठे घालू नये
(वार्षिक सर्वसाधारण सभेत अपघात विभागाच्या वतीने केलेले भाषण)



आमच्या विभागाचे निवेदन म्हणजे रुग्णसंख्या आणि रुग्णवाहिकेच्या फेऱ्यांचे आकडे, असा दरवर्षीचा परिपाठ आहे. ते आकडे परिशिष्टात दिलेले आहेतच. यंदा मात्र एकाच रात्रीविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्षांकडे मागितली आणि त्यांनी ती उदारपणे दिली. इमारतीच्या मागील अंगणात यंदा जे उघडे न्हाणीघर उभे राहिले आहे, ते त्या रात्री आमच्या हातून झालेल्या चुकांमुळे उभे राहिले. ज्यांच्या पैशातून ते झाले, त्यांना ही हकिकत आमच्याच तोंडून कळावी, हे आम्हांस उचित वाटते.

आपले रुग्णालय महामार्गालगत आहे. उत्तरेस महाडची औद्योगिक वसाहत, दक्षिणेस लोटे-परशुरामची. या दोहोंकडे जाणारे-येणारे रसायनांचे टँकर आपल्या फाटकासमोरून रात्रंदिवस धावत असतात. आपल्यापैकी कित्येकांच्या घरातील मुले त्या कारखान्यांत नोकरीस आहेत. तेव्हा या उद्योगांविरुद्ध आमची काही तक्रार आहे, असा समज कृपया कोणी करून घेऊ नये.

गेल्या वर्षी आषाढातील एका रात्री घाटाच्या वळणावर ओलियमने भरलेला टँकर कलंडला. ओलियम म्हणजे सल्फ्युरिक आम्लात आणखी सल्फर ट्रायऑक्साइड विरघळवून केलेले, साध्या आम्लाहूनही उग्र द्रव्य. नुसत्या दमट हवेतही ते धुमसते. त्या रात्री तर पाऊस कोसळत होता. फुटलेल्या झडपेतून वाहणाऱ्या द्रवावर सरी पडताच पांढरे लोट उठले आणि जमिनीसरपट पसरू लागले. समोरच्या टपरीवरील दोघांना वाटले, टँकर पेटला. माणसे आत अडकली असतील म्हणून ते बादल्या घेऊन धावले. आगीवर पाणी घालावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकविलेले असते. त्यांनी जे केले ते सद्भावनेनेच केले. परंतु अशा आम्लात थोडे पाणी पडले की इतकी उष्णता निर्माण होते की ते पाणी जागच्या जागी उकळते, आणि उकळताना आम्लाचे थेंब चहूकडे उडवते. त्यातील काही थेंब बादली घेऊन पुढे असलेल्या तरुणाच्या डोळ्यांत गेले.

पाण्याशी वैर असलेल्या द्रव्यांचा इतिहास आपल्या देशास नवा नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये जे घडले, त्याच्या मुळाशी ६१० क्रमांकाच्या टाकीत शिरलेले पाणी होते. त्या टाकीत सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट होते. पाण्याशी त्याची प्रक्रिया सुरू झाली, उष्णता वाढत गेली आणि वायू बाहेर पडला. त्यानंतर वर्ष उलटते न उलटते तोच, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील श्रीराम फूड अँड फर्टिलायझरच्या कारखान्यातून ओलियमची गळती झाली. त्या प्रकरणी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये दिलेला निर्णय कायद्याच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे : धोकादायक उद्योग चालविणाऱ्यास, आपण सर्व काळजी घेतली होती, असे सांगून भरपाईची जबाबदारी टाळता येणार नाही. हा निर्णय मोठाच आहे. तथापि न्यायालयाची पायरी पुढे कधीतरी येते. अपघातानंतरची पहिली दहा मिनिटे रस्त्यावरच्या माणसाच्या आणि आमच्यासारख्या रुग्णालयाच्या हाती असतात.

त्या दहा मिनिटांत काय घडले, ते आता सांगतो. टँकरचा चालक बाहेर फेकला गेला होता. त्याच्या पाठीवर आणि दंडावर आम्ल सांडले होते. तो धडपडत खालच्या वहाळात उतरला, अंगातील कपडे काढून टाकले आणि मदत येईपर्यंत वाहत्या पाण्यात बसून राहिला. क्लीनरला मात्र चार लोकांनी उचलून टपरीच्या आडोशाला नेले, कमरेखाली भिजलेल्या पँटवर फडके फिरवले आणि पोटऱ्यांवर टूथपेस्ट लावली. चालकाच्या जखमा आमच्याच ड्रेसिंगच्या खोलीत तीन आठवड्यांत भरल्या. क्लीनरला त्वचारोपणासाठी मुंबईस पाठवावे लागले.

येथे श्रोत्यांचा गोंधळ होणे साहजिक आहे. जे पाणी टपरीवाल्यांना भोवले, त्याच पाण्याने चालक कसा वाचला? उत्तर मात्रेत आहे. रस्त्यावर सांडलेल्या टनावारी आम्लापुढे बादलीभर पाणी म्हणजे निव्वळ ठिणगी. अंगावर पडलेल्या चमचाभर आम्लापुढे वाहता वहाळ मात्र एवढा मोठा असतो की तो आम्लही वाहून नेतो आणि निर्माण होणारी उष्णताही. म्हणून सांडलेल्या द्रवावर पाणी वर्ज्य, आणि माणसाच्या अंगावर पाणीच पाणी. अंगावर आम्लाचा जाड थर असेल तर कोरड्या कापडाने पटकन टिपून घ्यावा, पण त्यात वेळ दवडू नये. याला अपवाद आहेत. कळीच्या चुन्याची भुकटी अंगावर पडली तर ती आधी कोरडीच झटकून काढावी, मग भरपूर पाण्याने धुवावे. आम्ल मारण्यासाठी अंगावर सोडा चोळण्याची कल्पना अनेकांना सुचते. ती करू नये, कारण त्या प्रक्रियेतूनही उष्णताच निघते. हळद, शाई, तूप यांविषयी वेगळे सांगावयास नको.

आता आमच्याविषयी. क्लीनरला रुग्णवाहिकेतून उतरवून आम्ही थेट अपघात विभागाच्या खोलीत घेतले. बाहेर मुसळधार पाऊस होता, आणि रुग्णाला पावसात उभे करणे आम्हांला निर्दयपणाचे वाटले. सलाइन लागले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, कागद भरले गेले. भिजलेली पँट पंधरा मिनिटे अंगावरच राहिली. ती कापताना एका सिस्टरच्या पातळ हातमोज्यांतून बोटे भाजली. कपड्यांतून निघणाऱ्या वाफांनी खोली भरली, शेजारच्या खाटेवरील दम्याच्या आजीबाईंना घाईने वरच्या मजल्यावर हलवावे लागले, आणि ते काम करणारे आमचे वॉर्डमधले मामा पुढे दोन दिवस खोकत होते. दूषित कपडे बाहेरच उतरवावेत आणि रुग्णाला दाराबाहेरच धुवावे, हे पाठ्यपुस्तकात आम्ही सर्वांनी वाचलेले आहे.

दुसरी चूक अधिक बोचते. टपरीवरील त्या तरुणाचे डोळे आम्ही सलाइनच्या एका बाटलीने धुतले. त्याला बरे वाटले म्हणून थांबलो. आम्ल गेलेला डोळा वेदना कमी झाली म्हणून स्वच्छ झाला असे होत नाही. पापणी उलटून, अर्धा-अर्धा तास, कागदाची पट्टी आम्ल दाखवणे थांबेपर्यंत तो धुवावा लागतो. ती पट्टी आमच्या भांडारात नव्हती. ज्या पट्टीची किंमत चहाच्या कपाएवढी, ती नव्हती! नेत्रतज्ज्ञ पोहोचले तेव्हा डावा डोळा अद्याप आम्लधर्मीच होता. त्या डोळ्याच्या बुबुळावर आज पांढरा व्रण आहे. अधिक वेळ धुतला असता तर दृष्टी किती वाचली असती, हे निश्चितपणे कोणीच सांगू शकणार नाही, आणि आम्ही त्या अनिश्चिततेचा आडोसा घेऊ इच्छित नाही. तो तरुण आज या सभागृहात आहे. त्याच्या संमतीनेच आम्ही हे सांगत आहोत.

त्यानंतर विश्वस्तांनी जो निधी मंजूर केला, त्यातून मागील अंगणात न्हाणीघर, डोळे धुण्याचे दोन नळ आणि दूषित पाणी साठविण्याची वेगळी टाकी झाली. वादळी रात्री वीज हमखास जाते, म्हणून या नळांना पंपाचे नव्हे, तर गच्चीवरील टाकीचे पाणी जोडले आहे. जाड हातमोजे, चेहरा झाकणारे मुखवटे आणि अर्थातच त्या पट्ट्या आता प्रत्येक पाळीच्या कपाटात असतात. आम्लाच्या वाफा श्वासात गेलेल्या रुग्णाला, तो कितीही ठणठणीत दिसला तरी, रात्रभर देखरेखीखाली ठेवण्याचा नियम केला आहे. फुप्फुसांत पाणी भरण्यास काही वेळा तासन्‌तास लागतात. नातेवाइकांनी अशा वेळी घरी सोडण्याचा आग्रह धरू नये, ही विनंती.

टँकरवरील पाटीबद्दल दोन शब्द. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अशा वाहनावर रसायनाचे नाव आणि चार आकडी क्रमांक लिहिलेला असतो. ओलियमचा क्रमांक १८३१, आणि त्यासोबतची खूण ४ डब्ल्यू ई. त्या खुणेचा पहिला आकडा ४ असेल तर पाणी लावू नये, आणि शेवटी ई असेल तर परिसर रिकामा करण्याचा विचार करावा. जवळ जाऊन वाचण्याचा प्रयत्न करू नये. दुरून, वारा आपल्या पाठीकडून येत असेल अशा जागी उभे राहून जेवढे दिसेल तेवढे वाचावे, ११२ वर कळवावे आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. सांडलेले द्रव मातीचा बांध घालून अडवणे, कोरड्या वाळूने झाकणे हे काम प्रशिक्षित पथकाचे आहे. वाळू कोरडीच हवी, आणि कोकणात जून ते सप्टेंबर कोरडी वाळू मिळणे किती कठीण, हे आपण जाणताच. लाकडाचा भुसा तर कदापि टाकू नये. तीव्र आम्ल त्याचा कोळसा करते.

म्हणूनच यंदा आमची मागणी लहान आहे. फाटकाजवळ पत्र्याची एक शेड आणि तीत गोणींत भरलेली कोरडी वाळू, जेणेकरून अग्निशमन दलाला पावसाळ्यात ती हाताशी मिळेल. आणि रात्रपाळीसाठी आणखी एक प्रशिक्षित परिचारक. कारण रुग्णाला धुणारा आणि रुग्णाला तपासणारा हे एकाच वेळी दोन वेगळे माणूस असावे लागतात, आणि रात्री आमच्याकडे आजही ते दोन होत नाहीत.

सभेनंतर चहापानापूर्वी मागील अंगणात न्हाणीघराचे प्रात्यक्षिक आहे. नळ त्याच सिस्टर उघडतील ज्यांची बोटे भाजली होती, आणि रुग्ण म्हणून पाण्याखाली उभे राहण्यास मामा तयार झाले आहेत. अंगणात पाणी उडते, तेव्हा पुढे उभे राहणाऱ्यांनी छत्री जवळ ठेवावी.