आधी शेण मोजा, मग खड्डा खणा



बचत गटांची समन्वयक म्हणून मी चिखली तालुक्यातल्या गावांत फिरते. मागे एका बैठकीत एक ताई उठून म्हणाल्या, "मॅडम, गोबरगॅसला अनुदान मिळते म्हणतात. गटातून कर्ज काढून बांधू का?" मी लगेच हो म्हटलं नाही. का, ते आज सांगते.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासरी गोठ्याशेजारी २ घनमीटरचा गोबरगॅस होता. घरी बैलजोडी होती, एक गाय, एक म्हैस. निळी ज्योत, धूर नाही, भांडी काळी होत नाहीत. मला फार कौतुक वाटायचं. मग शेतात ट्रॅक्टर आला आणि बैलजोडी विकली. पुढे गाय गेली. एकट्या म्हशीचं शेण त्या टाकीला पुरेना. भाकरी तव्यावर असतानाच ज्योत विझायची. त्यात उन्हाळ्यात गावाला टँकर. एक दिवस सासूबाई म्हणाल्या, "गॅस तं आला वं, पन पानी कोन आनीन?" दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीची चूल पुन्हा पेटली, आणि त्यांचा खोकलाही परत आला. संयंत्रात काहीच बिघाड नव्हता. घरची जनावरं कमी झाली आणि शेण कालवणारी, पाणी आणणारी बाई मात्र एकच राहिली. बांधताना तिला कोणी विचारलंही नव्हतं.

म्हणून ताईंनो, आधी तीन गोष्टी मोजा.

पहिलं, शेण. १ घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण २५ किलो ताजं शेण लागतं, म्हणजे दोन-तीन जनावरं. त्यावर तीन-चार माणसांचा स्वयंपाक होतो. रोज पूर्ण शेण पडलं तर महिन्याला जवळपास एका सिलिंडरची बचत होते. पण चरायला जाणारं जनावर अर्धं शेण रानातच टाकतं. तेव्हा जनावरांच्या संख्येवर जाऊ नका. आठ दिवस सकाळी गोठ्यातलं शेण घमेल्यानं मोजा आणि वहीत लिहा. पुढच्या पाच वर्षांत जनावर विकायचा विचार आहे का, तेही घरात आधीच विचारा. आमच्या घरी तेच विचारायचं राहून गेलं.

दुसरं, पाणी. जेवढं शेण तेवढंच पाणी, म्हणजे २५ किलोला सुमारे दोन हंडे, रोज. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यात दोन हंड्यांची किंमत काय, ते तुम्हाला सांगायला नको. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी आणि गुरांचं मूत्र चालतं. साबणाचं किंवा फिनाईलचं पाणी चालत नाही. ज्या जिवाणूंमुळे गॅस तयार होतो, ते त्यानं मरतात.

तिसरं, हात. शेण कोण कालवणार? रोजचं हे काम सुनेच्याच अंगावर पडणार असेल तर तिला आधी विचारा. एका दिवशी तिनं, एका दिवशी नवऱ्यानं, असं बांधायच्या आधीच ठरवा.

हे तिन्ही जमत असेल तर गोबरगॅससारखी चांगली वस्तू नाही. गोवरी जाळली की तिच्यातलं नत्र धुरासोबत जातं, मागे राख उरते. गोबरगॅसमधून तेच शेण आधी गॅस देतं आणि नंतर स्लरी म्हणून बाहेर येतं, नत्र तिच्यात टिकून राहतं. परसबागेतल्या वांग्या-मिरचीला ती घालून बघा. पहिल्यांदा टाकी भरल्यावर गॅसला दोन-तीन आठवडे लागतात आणि सुरुवातीचा गॅस पेटत नाही, तो सोडून द्यायचा. थंडीत गॅस कमी होतो, म्हणून जागा उन्हाची निवडा, झाडाखाली नको. आणि एक लक्षात ठेवा, गॅसच्या खड्ड्यात कधीही कोणाला उतरू देऊ नका. आत गुदमरून माणूस दगावतो. सफाई जाणकाराकडूनच करून घ्या.

आता ज्यांच्याकडे जनावरंच नाहीत त्यांनी काय करायचं? पुण्याच्या 'आरती' संस्थेनं, म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं एक लहान संयंत्र तयार केलं. प्लास्टिकची एक टाकी दुसरीत उलटी बसवायची. त्यात शेणाऐवजी उरलेलं अन्न, खराब धान्य, गिरणीतलं सांडलेलं पीठ घालायचं. पिष्टमय पदार्थातून थोड्याच मालात जास्त गॅस मिळतो. या कामाला २००६ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. डॉ. आनंद कर्वे म्हणजे इरावतीबाई कर्व्यांचे चिरंजीव, महर्षी कर्व्यांचे नातू. पण खरं सांगते, आपल्या घरात रोज किलो-दीड किलो अन्न उरतं कुठे? उरलेली भाकरी म्हशीला जाते. म्हणून हे संयंत्र मी प्रत्येक घराला सुचवणार नाही. जो गट शाळेत पोषण आहार शिजवतो, खानावळ किंवा पिठाची गिरणी चालवतो, त्यांनी त्याचा विचार करावा.

आणि उन्हाला तर आपल्याकडे तोटा नाही! कुरडया, पापड, सांडगे आपण उन्हातच वाळवतो. तेच ऊन काचेखाली कोंडलं की सौर कुकर होतो. काळं भांडं, वर काच, एक आरसा. चांगल्या उन्हात वरण-भात दोन-तीन तासांत शिजतो. भाकरी त्यावर होत नाही, ढगाळ दिवशी काहीच होत नाही. त्यामुळे चूल सुटत नाही, पण सरपणाची एक मोळी वाचते. शिर्डीच्या साई संस्थानानं २००९ साली प्रसादालयावर ७३ मोठे आरसे बसवले. ते ऊन एकवटून वाफ तयार करतात आणि त्या वाफेवर भक्तांचा स्वयंपाक होतो. गटासाठी मात्र मला सोलर ड्रायर जास्त कामाचा वाटतो. मिरची, मेथी, आलं, टोमॅटो बंद पेटीत वाळतं. धूळ, माशी, अवकाळी पावसाचा थेंब लागत नाही, रंगही टिकतो. बाजारात भाव पडला की मेथीची जुडी फेकून द्यायची वेळ येते, ती वाळवून ठेवता येते. फक्त घेण्याआधी विकणार कोणाला, ते ठरवा.

त्या ताईंनी मग आठ दिवस शेण मोजलं. रोजचं बारा-तेरा किलोच भरलं. त्यांनी कर्ज काढलं नाही. शेजारच्या जावेचं भरलं तीस किलो, घरी बोअर आहे, आणि नवरा शेण कालवायला तयार झाला. तिचा अर्ज आम्ही पंचायत समितीच्या कृषी विभागात दिला आहे.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही हेच करा. वहीचं एक पान घ्या, तीन रकाने आखा: शेण, पाणी, हात. तिन्ही भरले तर अर्ज करा. एक जरी रिकामा राहिला तर थांबा, आणि मोकळ्या मनानं उन्हाकडे वळा.