तिला सत्ता हवी आहे, असं लिहा

  



अध्यक्षीय भाषणात राजकारण आणू नका, साहित्यावर बोला, असा निरोप मला आला होता. तो मी मानत नाही. मी आज राजकारणावरच बोलणार आहे, आणि तेही एका टीव्ही मालिकेच्या निमित्ताने. मालिका ऑस्ट्रेलियातली आहे. तिथल्या ‘एबीसी’ या सार्वजनिक वाहिनीवर २०१९ साली ‘टोटल कंट्रोल’ सुरू झाली, २०२१ मध्ये दुसरं पर्व आलं आणि २०२४ मध्ये तिसरं, शेवटचं.

क्वीन्सलंडच्या अंतर्भागात विंटन नावाचं लहानसं गाव आहे. ॲलेक्स अर्व्हिंग ही तिथली आदिवासी बाई. एका बंदूकधारी माणसापुढे ती निधड्या छातीने उभी राहते, त्याची चित्रफीत देशभर फिरते आणि पंतप्रधान रेचल अँडरसन तिला थेट सिनेटच्या रिकाम्या जागेवर आणून बसवतात. अँडरसन बाईंना आपली डळमळीत खुर्ची सावरायची असते. ॲलेक्सला आपल्या लोकांसाठी काम करायचं असतं. हा सौदा फार दिवस टिकत नाही. आपला वापर झाला हे कळल्यावर ॲलेक्स रडत गावी परतत नाही, ती हिशेब चुकता करायला निघते. दुसऱ्या पर्वात ती कोणाच्याही पक्षाचा टिळा न लावता अपक्ष उभी राहते.

हे सगळं कल्पनेतलं आहे असं समजू नका. ऑस्ट्रेलियाची संघीय संसद १९०१ मध्ये सुरू झाली. तिच्यात पहिला आदिवासी खासदार, नेव्हिल बॉनर, १९७१ मध्ये पोचला, तोही क्वीन्सलंडच्या सिनेटच्या रिकाम्या झालेल्या जागेवर पक्षाने पाठवला म्हणून. पहिली आदिवासी स्त्री पोचायला २०१३ साल उजाडलं. नोव्हा पेरिस. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हॉकीचं सुवर्णपदक मिळवणारी खेळाडू. पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांनी तिची स्वतः निवड केली आणि त्यासाठी आपल्याच पक्षाच्या विद्यमान सिनेटर बाईंना बाजूला केलं. पद मिळालं, पण देणारा हात दुसऱ्याचा होता. त्या हाताचं ओझं डोक्यावर घेऊन बाई काम कसं करते, हा मालिकेचा खरा विषय आहे. इथे बसलेल्या प्रत्येक राखीव जागेवरच्या बाईला तो तोंडपाठ आहे.

आता मालिका केली कोणी ते ऐका. पहिल्या पर्वाची दिग्दर्शिका रेचल पर्किन्स. आदिवासी नेते चार्ल्स पर्किन्स यांची मुलगी. १९६५ मध्ये विद्यार्थ्यांची बस घेऊन न्यू साउथ वेल्सच्या गावागावांत फिरणारे, मोरी गावच्या पोहण्याच्या तलावात आदिवासी मुलांना मज्जाव होता तो मोडायला तिथे ठाण मांडणारे ते चार्ल्स पर्किन्स. मुलीने १९९२ मध्ये स्वतःची निर्मितीसंस्था काढली. ॲलेक्सची भूमिका करणारी डेबोरा मेलमन हिचं बालपण क्वीन्सलंडच्याच माउंट आयझा या खाणीच्या गावात गेलं. म्हणजे दिग्दर्शन आपलं, संस्था आपली, मुख्य नटी आपली. गोऱ्यांना त्यांनी दारातून हाकललं नाही. अँडरसन बाईंची भूमिका करणाऱ्या रेचल ग्रिफिथ्स त्यांच्यासोबत निर्मितीतही आहेत. पण गोष्ट कोणाच्या अंगणातून सांगायची, हे त्या लोकांनी सोडलं नाही.

म्हणून ॲलेक्स तशी आहे. ती चिडते, सुडाने पेटते, चुकीच्या माणसावर विश्वास टाकते, सौदे करते. मुलगा आणि आई विंटनला, ती राजधानी कॅनबेरात, आणि त्या ओढाताणीत ती कधी कधी घराशीही चुकते. आपल्यातले शहाणे मला सांगतात, आपल्या बाईला असं दाखवलं तर समाजाची बदनामी होईल. मी त्यांना विचारते, मराठीत पुढाऱ्यांच्या कादंबऱ्यांनी कपाटं भरली आहेत, त्यांतले नायक कपटी आहेत, लोभी आहेत, म्हणून त्यांच्या समाजाची बदनामी झाली का? त्यांना चुका करायची मुभा आहे. आमच्या बाईने मात्र देव्हाऱ्यात बसावं, नाहीतर दारिद्र्याच्या अहवालात.

डॉ. जब्बार पटेलांचे दोन चित्रपट घ्या. १९७७ चा ‘जैत रे जैत’ आणि १९७९ चा ‘सिंहासन’. दोन्ही मी मनापासून मानते. पण बघा, पहिल्यातली ठाकर आदिवासींची चिंधी डोंगरावर आहे आणि मुख्यमंत्र्यांची खुर्ची डोंगरापासून फार लांब, दुसऱ्याच चित्रपटात आहे. त्यानंतर इतकी वर्षं गेली. चिंधीच्या नातीला मंत्रालयाचा जिना चढताना मराठी पडद्याने मध्यवर्ती पात्र म्हणून उभं केलं का?

वास्तव कधीच पुढे गेलं आहे. द्रौपदी मुर्मू १९९७ मध्ये रायरंगपूरला नगरसेविका झाल्या, ओडिशात आमदार आणि मंत्री झाल्या, झारखंडच्या राज्यपाल झाल्या. छोटा नागपूर आणि संथाळ परगण्याच्या कुळकायद्यांत, आदिवासींच्या जमिनीला हात घालणारे बदल विधानसभेने मंजूर केले, तेव्हा २०१७ मध्ये या बाईंनी ती विधेयकं सहीशिवाय परत पाठवली. सरकार त्यांच्याच मूळ पक्षाचं होतं. कसलं नाट्य आहे यात! आणि २०२२ मध्ये त्या राष्ट्रपतिपदासाठी उभ्या राहिल्या, तेव्हा वाहिन्यांनी पुन्हा पुन्हा काय दाखवलं? देवळात झाडू मारतानाची चित्रफीत. भक्तीबद्दल माझी तक्रार नाही. न झालेल्या सहीची गोष्ट कोणी सांगितली नाही, ही तक्रार आहे.

दिल्ली-रांचीही लांब राहू द्या. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जमिनीबद्दल, रेतीबद्दल, तेंदूपानाबद्दल बोलण्याचा अधिकार दिला. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत आमच्या सरपंच बाया रेतीच्या ठरावावर सही करायची की नाही, या प्रश्नाने रात्र जागून काढतात. शिक्का ग्रामसेवकाच्या कपाटात, नवरा ठेकेदाराच्या जीपमध्ये, सासू म्हणते कशाला वैर घेतेस, आणि सकाळी सभा. याहून मोठं राजकीय नाटक कोणाला हवं आहे? नजूबाई गावितांनी ‘तृष्णा’ आणि ‘भिवा फरारी’ लिहून दाखवलं की आमच्या हातात लेखणी नीट बसते. आता ती लेखणी सभागृहात न्या.

मालिकेने मतं मिळतात, असा माझा भाबडा दावा नाही. १४ ऑक्टोबर २०२३ ला ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं. आदिवासींचा सल्लागार आवाज घटनेत नोंदवावा का, एवढाच प्रश्न. सुमारे साठ टक्के लोक नाही म्हणाले, सहाच्या सहा राज्यांत नाही. घाव फार खोल होता. तीन महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ॲलेक्स अर्व्हिंग तिसऱ्या पर्वात संसदेत येऊन बसली. मतपेटीने नाकारलेली माणसं त्या देशाच्या दिवाणखान्यात बोलत राहिली. मला एवढं पुरतं. तुम्हालाही पुरायला हवं.

तेव्हा माझ्या मागण्या. वाहिन्यांनी आदिवासी पात्र लिहायला आदिवासी लेखक घ्यावा, ‘सल्लागार’ म्हणून श्रेयनामावलीच्या शेवटी टांगू नये. विद्यापीठांनी आमच्या मुलींना पटकथा शिकवावी आणि त्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. आणि संयोजकहो, पुढच्या वर्षी उद्‌घाटनाला आमचं स्वागतनृत्य ठेवू नका. आमचं नाचणं आमच्या होळीला, आमच्या अंगणात होतं, ते पाहायला तिकडे या. तो वेळ आमच्या एखाद्या पोरीच्या संहितावाचनाला द्या. संहिता मी मिळवून देते, सभागृह तुम्ही द्या.