कारागिराचा अनुभव आणि त्याचा पुरावा



जळगाव जिल्ह्यातील एखादा तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून तारतंत्रीचा अभ्यासक्रम पुरा करतो आणि ठेकेदाराबरोबर सुरतेस जातो. तेथून वापी, पुढे गोव्यातील वेर्णे, नंतर बेळगाव अशी त्याची भ्रमंती होते. आठ-दहा वर्षांनी गावी परतून तो परवान्यासाठी अर्ज करतो, तेव्हा अनुभवाचा दाखला मागितला जातो. सुरतेच्या ठेकेदाराने धंदा बंद केलेला असतो. वेर्ण्याच्या पर्यवेक्षकाचा ठावठिकाणा नसतो. हातात कसब असूनही कागदोपत्री तो नवशिकाच ठरतो.

परवान्याची अट जाचक वाटली, तरी ती अनाठायी नाही. सदोष वीजजोडणीने घरे जळतात, माणसे दगावतात. म्हणूनच १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने बंधन घातले. दिवे, पंखे, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता ग्राहकाच्या जागेतील काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे, त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख असावी आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याजवळही परवाना असावा, असे ते बंधन होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या व त्यानंतर २०२३ च्या विनियमांनी हेच तत्त्व पुढे चालविले. हा परवाना राज्य शासनाने दिलेला किंवा मान्य केलेला असावा लागतो. साहजिकच राज्य बदलले की पुराव्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. प्रशिक्षणाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र देशभर मान्य असले, तरी ते शिक्षणाची साक्ष देते. नंतरच्या कामाची नव्हे.

कायद्याने या बाबतीत कामगारास वाऱ्यावर सोडलेले नाही. सेवा संपताच ठेकेदाराने कालावधी व कामाचे स्वरूप नमूद केलेले सेवा-प्रमाणपत्र द्यावे, अशी तरतूद कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत होती. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने छायाचित्रासह पासबुक देणे आवश्यक केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने या कायद्यांची जागा घेतली. कंत्राटी कामगाराने मागणी केल्यास ठेकेदाराने केलेल्या कामाचा तपशील देणारे अनुभव प्रमाणपत्र द्यावे, असे ही संहिता सांगते. यातील ‘मागणी केल्यास’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जो मागणार नाही, त्याच्या हाती काही पडणार नाही. यास्तव मागणी लेखी असावी आणि ती काम सोडण्यापूर्वीच करावी. संहितेच्या कक्षेत न येणाऱ्या लहान ठेकेदाराकडूनही असा दाखला मागून घेणे हिताचे असते.

‘सदर इसमाने समाधानकारक काम केले’ एवढ्या मजकुराचा दाखला फारसा उपयोगी पडत नाही. त्यात कामाच्या आरंभाची व अखेरची तारीख, कामाचे ठिकाण व प्रकार, विजेचा दाब, ठेकेदाराच्या परवान्याचा क्रमांक, पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक, पूर्ण पत्ता, सही व शिक्का असावा. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातील नोंदी आणि वेतन जमा झालेले बँकेचे पासबुक यांची जोड द्यावी. २०१४ पासून मिळणाऱ्या सार्वत्रिक खाते क्रमांकामुळे निरनिराळ्या राज्यांतील नोकऱ्यांची नोंद एकत्र पाहता येते. मात्र कामगार कोठे व केव्हा होता, एवढेच ती सांगते. त्याने कोणते काम केले, हे दाखल्यानेच सिद्ध होते.

या कामी गावाचाही वाटा आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिक्षकांनी निरोप देतानाच विद्यार्थ्याच्या हाती कामाची नोंदवही द्यावी व ती कशी भरावी हे समजावून सांगावे. परगावी जाणाऱ्या तरुणांना ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी दाखल्याची आठवण करून द्यावी. परंतु स्वतः न पाहिलेल्या अनुभवाचा दाखला मात्र भिडेपोटी देऊ नये. खोट्या दाखल्याने एकाचे काम होते, पण त्याने जोडलेल्या तारांखाली दुसऱ्याचे कुटुंब राहते. अधिकाऱ्यांनीही परराज्यातील कागद दिसताच अर्ज बाजूस न सारता संबंधित राज्याच्या कार्यालयाकडे पत्राने खातरजमा करावी. ते एक पत्र अर्जदाराची दहा वर्षे वाचवू शकते.

घाम गाळून मिळविलेला अनुभव ही कारागिराची मिळकतच आहे. शेताचा सातबारा जसा जपून ठेवला जातो, तसाच हा कागदही वेळीच करून घेतला व जपला, तर राज्याची सीमा ओलांडताना कोणाचीही मिळकत मागे राहणार नाही.