कागद कोणाच्या कपाटात?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा गोषवारा)

आज मी पंडिता रमाबाईंच्या पत्रांविषयी बोलणार आहे. पण सुरुवात आमच्या कार्यालयातल्या रद्दीपासून करते.

आम्ही जागा बदलली तेव्हा दोन कपाटे कागदांनी भरलेली होती. बैठकांच्या वह्या, पत्रके, मोर्च्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, एकमेकींना लिहिलेली पत्रे. नवी जागा लहान. ‘कशाला हवेत आता?’ असे मीच म्हटले आणि रद्दीवाल्याला बोलावले. त्याचे किती पैसे आले तेही आठवत नाही.

पुढे अभ्यासासाठी रमाबाईंचा पत्रव्यवहार वाचायला घेतला आणि आपण काय केले ते कळले.

रमाबाई लेखिका होत्या आणि वक्त्याही होत्या. देशभर फिरून त्यांनी पुराणे सांगितली. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला, त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या. १८८६ मध्ये अमेरिकेत जाऊन गावोगाव व्याख्याने दिली आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. हे आपण सगळ्याजणी थोडेफार जाणतो. पण इंग्लंडमध्ये त्यांच्या मनात काय चालले होते, ते कळते पत्रांतून.

ही पत्रे जपली कोणी? वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांनी. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. पण आजीबाईंच्या मते ही शिष्या हट्टी, गर्विष्ठ, न ऐकणारी. पत्रे त्यांनी आपल्या टिपणांसकट लावून ठेवली. ती १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीतच प्रसिद्ध केली, अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली.

आता त्यातला ‘हट्ट’ कसला ते पाहा. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात रमाबाई शिकत होत्या, संस्कृत शिकवतही होत्या. त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवावे अशी गोष्ट निघाली, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले तर तिच्या देशात तिचे नाव खराब होईल म्हणे! रमाबाईंनी प्राचार्या डोरोथिया बील यांना कळवले की माझ्या आईने, मी तरुणांना शिकवले, त्याला माझ्या वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही. मग यांनी घ्यावी याचे नवल वाटते. क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, तर त्या म्हणाल्या, संस्कृत का नको? एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीपुढे मान तुकवायला नव्हे, असा त्यांचा एकूण सूर आहे.

जेराल्डिनबाईंना ज्यात दोष दिसला, त्यात आपल्याला स्वतःच्या बुद्धीने चालणारी बाई दिसते. हे वेगळे वाचन आपण करू शकतो, कारण मूळ पत्रे राहिली. टिपणे ठेवून पत्रे फेकली असती, तर ‘हट्टी’ हाच शब्द इतिहास झाला असता.

आणि ताराबाई शिंदे? त्याच १८८२ सालचे त्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’. स. गं. मालश्यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापले, म्हणून ते आपल्या हाती आले. पण ते एकच पुस्तक. ते लिहिल्यावर त्यांना घरच्यांनी, गावाने काय ऐकवले, पुढे त्यांनी लेखणी का ठेवली, हे त्यांच्या शब्दांत सांगणारा कागद आपल्यापाशी नाही.

आता आमच्या रद्दीकडे परत येते. त्यात एका सहकारी मैत्रिणीचे राजीनाम्याचे पत्र होते. चार पाने. ती दलित वस्तीत काम करायची. सतरंज्या आम्ही घालायच्या आणि व्यासपीठावर नेहमी त्याच त्या जणी का बसायच्या, असे तिने विचारले होते. तेव्हा मला राग आला होता. गेल्या वर्षी तिच्याकडे गेले, पत्राची प्रत मागितली. ती म्हणाली, ‘‘प्रत नाही ठेवली, ताई. मला वाटलं, तुमच्याकडे असेल.’’

मैत्रिणींनो, आज ते पत्र फक्त माझ्या आठवणीत आहे. म्हणजे तिची बाजू माझ्या तोंडून जाणार. जेराल्डिनबाईंनी निदान कागद तरी ठेवले. मी तेही केले नाही.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक करताना आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत घरोघर जावे लागले. १९८९ साली ते प्रसिद्ध झाले. त्या गेल्या म्हणून त्या बायकांचे शब्द राहिले. प्रत्येक वेळी असे कोणी जाईलच, असे नाही.

म्हणून आपल्यापुरते काही ठरवू या. बैठकीची वही फेकायची नाही. पत्रकावर तारीख आणि गाव घालायचे. मोबाईलवर होणारी चर्चा महिन्याकाठी कागदावर उतरवायची, नाहीतर फोनबरोबर तीही जाते. मदत मागायला आलेल्या बाईचा कागद मात्र तिचा आहे; तिला विचारल्याशिवाय तो कोणाला दाखवायचा नाही. जागा नसेल तर मुंबईत १९८८ पासून ‘स्पॅरो’सारखा स्त्रियांचा संग्रह उभा आहे, अशा ठिकाणी विचारायचे. आणि आपल्या विरोधात लिहिलेले पत्र सगळ्यात आधी जपायचे.

त्या मैत्रिणीला मी पुन्हा लिहायची विनंती केली आहे. ती म्हणाली, ‘‘लिहीन, पण या वेळी प्रत माझ्याकडे राहील.’’ मी हो म्हटले.