बंदुकीवरचं नाव आणि बंदुकीतला हात

(नेसरी येथील व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



विषय फळ्यावर लागल्यापासून मला सगळे एकच विचारतायत : नेसरीत येऊन इंग्लिश आणि स्पॅनिश बंदुकांवर बोलायचं कारण काय? कारण आहे. आजरा, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात पिकाच्या राखणीसाठी परवाना काढलेली बाराची बंदूक कितीतरी घरांत आहे. तिच्याबद्दल आपला एक समज पक्का झालाय. विलायती असेल ती अस्सल, बाकी सगळ्या नकला. हा समज मोडायला मी आलोय. बंदुका दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. मालावर कोरलेल्या नावाला आपण भलतेच पैसे मोजतो आणि ज्या हातांनी तो माल घडला त्यांना विसरतो, हे मी रोज पाहत आलो.

२४ फेब्रुवारी १६७४ ला या मातीत जी लढाई झाली, ती नेसरीकरांना मी सांगायची गरज नाही. पुढे जातो. फक्त त्या काळच्या तलवारीकडे जरा बघा. मराठ्यांच्या कंबरेला जी फिरंग असायची, तिचं पातं युरोपातलं. लांब, सरळ पातं जहाजातून यायचं आणि मूठ त्याला इथे चढायची. १८७५-७६ च्या दौऱ्यात कोल्हापूर दरबारानं प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली, आज इंग्लंडच्या राजसंग्रहात असलेली तलवारही युरोपीय पात्याचीच आहे. त्या काळी स्पेनमधल्या टोलेडोचं नाव एवढं मोठं होतं, की जर्मनीतल्या झोलिंगेनचे लोहार आपल्या पात्यांवर स्पॅनिश उस्तादांची नावं ठोकायचे. तेव्हा स्पेन अस्सल होता!

बंदुकीचंही तेच. माद्रिदला निकोलास बिस नावाचा राजाचा बंदूककार होता, १७२६ साली वारला. घोड्याच्या जुन्या नालांचं लोखंड पुन्हा पुन्हा ठोकून तो नळ्या करायचा. अठराव्या शतकात अशा स्पॅनिश नळ्यांना युरोपभर मान होता. इंग्लंडचे कारागीर त्या मागवून आपल्या बंदुकांना बसवायचे. मग कोण कुणाची नक्कल करत होतं?

(मागून आवाज : “रानडुकराला कुठलीबी चालते!” हशा)

चालते ना, डुकराची तक्रार नाही. पण वन खात्याच्या परवानगीशिवाय त्याच्यावर बार काढू नका, एवढं सांगतो आणि मूळ मुद्द्यावर येतो.

इंग्रजांचं देणं मी नाकारत नाही. पर्डी हे लंडनचं घर १८१४ चं, हॉलंड १८३५ चं. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सकडे अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी १८७५ साली बॉक्सलॉक काढलं. बंदूक उघडताना आतले घोडे आपोआप चढावेत अशी सुटसुटीत रचना. जगभरच्या दुनळी बंदुका अजून त्याच वाटेनं जातात. १८८० साली फ्रेडरिक बीझलीनं आपोआप उघडणारी रचना केली आणि तिचे हक्क पर्डीला विकले. आज लोक ‘पर्डीची रचना’ म्हणतात, बीझलीचं नाव क्वचितच कुणी घेतं. मला हेच डाचतं.

काम कसं चालतं ते ऐका. तेलाच्या दिव्याची काजळी एका भागावर धरायची. दोन भाग जुळवायचे, उघडून बघायचे. दुसऱ्या भागावर काळा डाग उठला तेवढ्याच जागी कानस लावायची. पुन्हा काजळी, पुन्हा जुळवणी. नळी आणि बैठक यांच्यामधून उजेडाची रेघ दिसेनाशी होईपर्यंत हे चालतं. दस्त्याच्या अक्रोडात पोलाद बसवतानाही हीच रीत. एका उत्तम बंदुकीत असे शेकडो तास जातात, आणि लंडनला जातात तसेच आयबारलाही जातात.

आयबार हे स्पेनच्या बास्क मुलखातलं गाव, दोन डोंगरांमधल्या चिंचोळ्या दरीत. इथे थोडं थांबू द्या. शेतीला सपाट जागा नाही, म्हणून गाव पिढ्यान्‌पिढ्या लोखंडावर जगलं. १९१३ साली तिथे बंदूककारांची शाळा निघाली. पोरगं कानस धरायला शाळेत शिकायचं! १९१५ साली आग्विरे आणि आरान्साबाल या दोघांनी कारखाना काढला, त्याची बंदूक ‘अया’ नावानं ओळखली जाते. पहिल्या महायुद्धानंतर पिस्तुलांची मागणी आटली, तेव्हा या गावानं काय करावं? आल्फा नावाच्या सहकारी संस्थेत रिव्हॉल्वर करणारे हात शिवणयंत्रं करू लागले. १८४० पासून बंदुका करणाऱ्या ऑर्बिया घराण्यानं सायकली काढल्या, त्या आजही शर्यतीत धावतात. नळी ओढायची विद्या सायकलच्या सांगाड्याला कामी आली. १९३७ साली यादवी युद्धात गाव बेचिराख झालं. तरी लोक पुन्हा कानशी घेऊन बसले. आपल्या पोरांनी हा इतिहास वाचावा असं मला फार वाटतं. हुपरीच्या चांदीकामगारांच्या पोरांनी तर नक्कीच.

(अध्यक्षांची चिठ्ठी) होय, वीस मिनिटं उरली म्हणतायत. आवरतो.

तर आयबारनं हॉलंडची साइडलॉक रचना, म्हणजे घोड्याची यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवायची रीत, उचलली. पेटंटची मुदत संपलेली होती, यात चोरी नाही. आकार यंत्रावर काढतात, जुळवणी हातानं. आज लंडनच्या पहिल्या रांगेतल्या घराची नवी दुनळी एक लाख पौंडांच्या वर जाते. आयबारची हातानं जुळवलेली साइडलॉक साधारण तिच्या दहाव्या हिश्शात मिळते. लंडनच्या बंदुकीत काम जास्त सफाईचं असतं, हे कबूल. नक्षी नाजूक, दोन्ही नळ्यांचा मार एकाच जागी पडतो की नाही हे पुन्हा पुन्हा तपासलेलं. पण दहापट? तेवढं काम तिच्यात नसतं. बाकीचे पैसे नावाचे.

(पुढच्या रांगेतून : “नक्कल ती नक्कलच की हो!”)

दादा, २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका बड्या फॅशन घराण्यानं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मंचावर आणली तेव्हा आपण चिडलो. का चिडलो? त्या चपलेवर कारागिराचं नावच नव्हतं म्हणून. मग आयबारच्या कारागिराला निव्वळ नकलाकार म्हणताना त्याचं नाव तरी आपण विचारतो का? आपण ज्या न्यायानं बोलतो तो त्यालाही लावा, एवढंच मागणं आहे. (टाळ्या)

एक वाटणीची गोष्ट सांगून संपवतो. या भागातलंच घर, नाव सांगत नाही. दोघे भाऊ, वडिलांच्या दोन बंदुका. एक ‘विलायती’, नळीवर मुंबईच्या दुकानाचं नाव इंग्रजीत झोकदार कोरलेलं. दुसरी स्पॅनिश. थोरल्याला विलायती हवी, त्यासाठी तो विहिरीजवळचा तुकडा सोडायला तयार! मला बोलावलं. मी दोन्ही खोलल्या. विलायतीच्या तळाला बर्मिंगहॅमच्या चाचणीचे छाप. बर्मिंगहॅममध्ये अशा बंदुका गठ्ठ्यानं व्हायच्या आणि ज्या दुकानात विकायच्या त्याचं नाव त्यांच्यावर कोरलं जायचं. जुळवणी ढिली, नळ्या हलवल्या की खडखडायच्या. स्पॅनिश बंदुकीच्या तळाला आयबारच्या चाचणीची खूण होती आणि सालाचं अक्षर होतं. १९२७ पासून तिथे प्रत्येक सालाला अक्षर ठरलेलं आहे. काजळी धरली तर डाग सगळीकडे सारखा उठला. धाकट्याला म्हटलं, तुझी बंदूक जप. थोरल्याला म्हटलं, विहिरीजवळचा तुकडा देऊ नकोस. थोरला रुसला. त्याची बायको मात्र चहा घेऊन आली आणि म्हणाली, “जमीन वाचली, भावजी.” (हशा)

शेवटची एसटी सुटायची वेळ झाली, मंडळी उठायला लागलीयत, म्हणून कामाचं तेवढं सांगतो. परदेशी बंदुकीची खाजगी आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या बंदुकांचा भाव टंचाईनं चढलाय, तो कारागिरीचा समजू नका. जुनी बंदूक घेताना वरचं नाव वाचण्याआधी नळ्या उतरवा आणि तळाचे छाप बघा. आणि कुणीही येऊन ‘चकाचक करून देतो’ म्हणाला तर नळीला पॉलिश पेपर लावू देऊ नका. छाप घासले गेले की ती बंदूक कुठल्या गावात, कोणत्या साली तपासली गेली, याचा पुरावा कायमचा जातो. ज्यांना आपल्या बंदुकीचे छाप वाचून हवेत, त्यांनी बंदूक इथे आणू नये. तळाच्या खुणांचा फोटो आणि परवान्याची प्रत आणावी. उद्या सकाळी दहापर्यंत मी इथेच आहे.