गडाच्या अर्ध्या वाटेवरची बाणाई



 

दैवतकथा आणि दंतकथा यांवरची परिषद जेजुरीतच भरवावी, असा हट्ट आम्ही, स्वागत समितीने, धरला होता. कारण साधे आहे. इथे कथा वाचण्याआधी चढावी लागते. गावातून गडाच्या पायऱ्या चढू लागलात की निम्म्या वाटेवर बाणाईचे देऊळ लागते. तिथे थांबून भंडारा उधळायचा आणि मग वर खंडोबा-म्हाळसेकडे जायचे. देवाची एक बायको गडावर आणि दुसरी अर्ध्या गडावर, असे का? याचे उत्तर आम्हां जेजुरीकरांना कुणी शिकवावे लागत नाही. आजीच्या मांडीवरच ते मिळते. म्हाळसा नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची लेक. तिचे देवाशी लग्न लागले ते सातारा जिल्ह्यातल्या पालीला, आणि तिथे पौषात आजही ते लागते. बाणाई धनगराची, मालेगावजवळच्या चंदनपुरीची. सारीपाटाचा डाव म्हाळसेशी हरून देव बारा वर्षे घराबाहेर पडला आणि बाणाईच्या बापाकडे मेंढका म्हणून राहिला. मेंढरे धुवायला नदीवर नेली तर त्याने ती धुण्यासारखी दगडावर आपटली. सारा कळप मरून पडला. बाणाईने आकांत केला, तेव्हा देव म्हणाला, माझ्याशी लग्न कर, उठवतो. भंडारा टाकला आणि मेंढरे उठली. मग तो तिला घेऊन जेजुरीला आला, आणि इथे म्हाळसेने जे भांडण मांडले ते अजून मिटलेले नाही. खंडोबाच्या जागरणात रात्र रात्र ते चालते. म्हाळसा म्हणते, हिच्या अंगाला मेंढरांचा वास येतो. बाणाईही गप्प बसणाऱ्यांतली नाही, ती एकेका शब्दाची परतफेड करते, आणि समोर बसलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसतात.

ही गोष्ट मी लहानपणी ऐकली तेव्हा ती फक्त आमच्या गावची वाटायची. नंतर कळले की कर्नाटकात मैलारलिंगाला गंगीमाळव्वेच्या जोडीला कुरुबतव्वा आहे, आणि ती कुरुबांची, म्हणजे तिकडच्या धनगरांची लेक. तेलंगणात कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाच्या एका हाताला बलिजांची मेडलम्मा आणि दुसऱ्या हाताला गोल्ल केतम्मा, म्हणजे पुन्हा एक व्यापाऱ्याच्या घरची आणि एक गुराखी-मेंढपाळांची. भाषा तीन, देवाची नावे निराळी, पण संसार तोच. ज्यांनी ही कथा घडवली त्यांना देवाला दोन बायका द्यायच्या होत्या एवढ्यावर हे भागत नाही. दख्खनच्या पठारावर पाऊस बेभरवशाचा. पिके निघाली की शेतकरी धनगराला रानात मेंढरे बसवायला बोलावतो, लेंडीखत मिळते, बदल्यात धान्य देतो. लोकर बाजारात जाते, ती वाणी घेतो. पावसाळ्यात कळप कोरड्या माळांकडे हलतात. रान आणि बाजार यांचे एकमेकांवाचून चालत नाही, आणि एकमेकांशी पटतही नाही. खंडोबाच्या घरात हे दोघे एका छपराखाली नांदतात, आणि भांडतात. मला ही कथेची सर्वांत मोठी ताकद वाटते की तिने भांडण मिटवून टाकले नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याभोवतीचे डोंगर पायी तुडवत फिरले, पाऊलवाटा आणि मेंढपाळांचे जुने मार्ग पाहत त्यांनी देवांचा शोध घेतला. त्यांचे ‘मिथ अँड रिअॅलिटी’ 1962 मध्ये आले. त्याच्या एक वर्ष आधी रा. चिं. ढेरे यांचे ‘खंडोबा’ प्रसिद्ध झाले होते. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोंथायमर धनगरांच्या वाड्यांवर बसून ओव्या ऐकत आणि ध्वनिमुद्रित करत राहिले. या तिघांची नावे या गावात घेताना मन भरून येते. त्यांच्यामुळे आमच्या आजीच्या गोष्टीला अभ्यासाच्या दालनात आसन मिळाले.

पण आज आपल्यासमोर एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. कथेचे मूळ रूप कोणते, हा प्रश्न परिषदांत नेहमी येतो. माझे म्हणणे असे की त्याआधी, ही कथा कोणाच्या तोंडची आहे, हे विचारावे. संस्कृत ‘मल्हारीमाहात्म्या’त ऋषींचा छळ करणारे मणि-मल्ल हे दैत्य आहेत आणि मार्तंडभैरव, म्हणजेच खंडोबा, हा शिवाचा अवतार. बाणाई मात्र मुख्यतः धनगरांच्या आणि जागरणात गाणाऱ्या वाघ्या-मुरळीच्या तोंडीच राहिली. त्याच मणि-मल्लांचे लोकांनी काय केले ते गडावर पाहा. मल्लाने मरताना आपले नाव देवाच्या नावाआधी लागावे असा वर मागितला, म्हणून देव मल्हारी झाला. मणी शरण आला आणि त्याने देवाजवळ जागा मागितली. त्याच्या मूर्तीपुढे भाविक हात जोडतात. हरलेल्यालाही देवळात जागा ठेवणारी ही कथा आहे. आणि जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’त तर सगळे चित्रच पालटले. त्यांच्या लेखी खंडोबा हा बळीराजाच्या राज्यातला एका खंडाचा अधिकारी, बहुजनांचा रक्षणकर्ता. इतिहास म्हणून ते तपासायचे की नाही हा वाद इथे होईल, व्हावाही. मला त्यात एका माणसाची तळमळ दिसते, ज्याला आपल्या लोकांचा देव परत हवा होता.

दंतकथांचेही तसेच. गडावर चालून आलेल्या औरंगजेबाच्या सैन्यावर तटातून भुंगे उठले आणि बादशहाने देवापुढे नमते घेतले, ही कथा इथला पोरगाही सांगतो. शहाजीराजे आणि शिवराय यांची भेट या गडावर झाली, अशीही दंतकथा आहे. घटना घडली की नाही यापेक्षा, लोकांना ती इथेच का घडायला हवी होती, हे शोधणे मला अधिक मोलाचे वाटते. बापलेकांच्या भेटीसाठी खंडोबाची ओवरी निवडणाऱ्या मनाला काय हवे होते?

कथेचे गोडवे गाताना तिच्या नावाने जे सोसावे लागले ते झाकून ठेवणार नाही. मुली देवाला वाहण्याची चाल याच गडाच्या छायेत चालली, आणि देवाशी लग्न लागलेल्या मुरळीच्या वाट्याला कोणते आयुष्य आले ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्ये सुरू केलेल्या ‘सोमवंशीय मित्र’मधून त्याविरुद्ध आवाज उठवला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे त्यासाठी झटले. पुढे कायदे झाले. देवाचे दुसरे लग्न बाणाईला मान देते, आणि तीच लग्नाची कल्पना एका लहान मुलीचे जगणे हिरावून घेते. दोन्ही गोष्टी या एकाच परंपरेत आहेत. परिषदेच्या एका सत्रात यावर बोलले जाणार आहे, आणि त्या सत्राला गर्दी व्हावी अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

आज मुरळी म्हणून जागरणात उभ्या राहणाऱ्या आमच्या भगिनी कलावंत आहेत. घोळ, तुणतुणे, खंजिरी आणि गळा, एवढ्यावर त्या पहाटेपर्यंत कथा पेलतात. आज रात्री याच मंडपात जागरण आहे. दिवटी पेटेल, चौक मांडला जाईल. अभ्यासकांना एक विनंती: ध्वनिमुद्रण करायचे असेल तर आधी त्यांना विचारा, बिदागी द्या, आणि उद्या तुमच्या निबंधात ती कथा येईल तेव्हा ‘एका लोकगायिकेने सांगितले’ असे लिहू नका. त्यांची परवानगी घेऊन नाव लिहा, गाव लिहा, कुणाकडून शिकली ते लिहा. बाणाई आजवर टिकली ती यांच्या गळ्यामुळे.

राहण्याची सोय भक्तनिवासात केली आहे, दुपारी भरीत-भाकरी आहे. उद्या पहाटे ज्यांना कडेपठारावरच्या जुन्या देवळाकडे यायचे असेल त्यांनी कार्यकर्त्यांकडे नाव द्यावे. चढण खडी आहे, पाण्याची बाटली बरोबर घ्यावी. काही उणे राहिले तर हक्काने सांगा.

आता अध्यक्षमहोदयांनी तळी उचलून परिषदेचा प्रारंभ करावा, अशी विनंती करते. पाचांचे हात तळीला लागायचे आहेत; वाघ्या मंडळींपैकी दोघांनी आणि कर्नाटक-तेलंगणाच्या पाहुण्यांपैकी दोघांनी कृपया व्यासपीठावर यावे.